व्हायोलिन बेसूर वाजतंय? या चुका टाळा

मूल बेसूर वाजवू लागलं की पालकांची नजर आधी त्याच्या बोटांवर जाते. मी मात्र त्याला व्हायोलिन खाली ठेवायला लावते आणि तोच सूर गाऊन दाखव म्हणते. गळ्यात नसलेला सूर बोट शोधणार कुठून?

सगळ्यात जास्त नुकसान करते ती मोबाईलवरच्या ट्यूनरची सवय. सा लावून घ्यायला तो जरूर वापरा, पण बोटाखालचा प्रत्येक सूर त्याच्या हिरव्या दिव्यावर तपासू नका. ट्यूनर काय, पेटी काय, दोन्हींत सप्तकाचे बारा सारखे भाग पाडलेले असतात. एका भागाचे १०० सेंट धरले, तर त्यांचा शुद्ध गंधार तंबोऱ्यातून उमटणाऱ्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा असतो. मोठ्या व्हायोलिनच्या तारेची वाजणारी लांबी साधारण ३३ सेंटिमीटर, म्हणजे हा फरक बोटाखाली चांगला दोन मिलिमीटरचा होतो. मूल तंबोऱ्यात मिसळून नेमका गंधार लावतं आणि दिवा त्याला चूक ठरवतो! अशा वेळी कानावरचा विश्वास उडतो, आणि तो परत आणायला महिने जातात.

बोटं टेकवायच्या पट्टीवर चिकटवलेल्या खुणा पहिले काही आठवडे ठीक. पुढे मूल खुणेकडे बघतं, ऐकत नाही. शिवाय अंतरं सारखी नसतात: मोकळी तार सा धरली तर सा ते रे सुमारे ३.७ सेंटिमीटर, रे ते ग २.९ आणि ग ते म जेमतेम १.७. बोटं सारख्या अंतरावर टाकणाऱ्याचा मध्यम चढणारच. छोट्या व्हायोलिनवरून मोठ्यावर आलेल्या मुलाचे सगळे सूर उतरतात, कारण मोठ्यावर ही अंतरं वाढतात आणि बोटं मात्र जुन्याच अंतरावर पडतात. त्याला रागावू नका, तंबोरा लावून सावकाश सरगम करू द्या.

खुणांऐवजी हे करून बघा. कागदाचा नखाएवढा कपटा घडी घालून मोकळ्या पंचमाच्या तारेवर बसवा. शेजारच्या सा च्या तारेवर करंगळीने तोच पंचम वाजवा. सूर नेमका लागला की हात न लावता कपटा थरथरतो, कधी उडून पडतो. मुलं यासाठी वीस-वीस वेळा बोट सरकवतात, आणि दर वेळी कान देऊन ऐकतात.

कधी बोट जागेवर असूनही सूर पडतो. तेव्हा गज बघा. फार दाबला की सूर खाली येतो. अंगठ्याने व्हायोलिनची मान आवळली असेल तर बोट सरकतच नाही.

आणि वाद्यही तपासा. पावसाळ्यात खुंट्या फुगून अडकतात, कोरड्या हवेत सैल पडून फिरतात. तारा ताणताना घोडी, म्हणजे तारा ज्यावर टेकतात ती उभी लाकडी फळी, पट्टीकडे झुकते; ती हलक्या हाताने सरळ करा, मग तारा पुन्हा लावा.