गावातल्या मजुरीची पाहणी: 'रोज किती?' हा प्रश्न टाळून खरा हिशोब कसा काढायचा

गावात कुणालाही विचारा, 'सध्या रोजी काय चालली?' लगेच उत्तर येते: बाईला अडीचशे, माणसाला चारशे. या आकड्यात किती तास, किती चालणे, किती खाडे, कुणाचा काटा, यातले काहीच दिसत नाही. गावातली विषमता नेमकी त्या न दिसणाऱ्या भागात दडलेली असते. बचत गट, ग्रामसभेतली मंडळी, महाविद्यालयातली मुले किंवा मजुरांची संघटना यांपैकी कुणीही पाच-सहा संध्याकाळी खर्चून हा हिशोब मांडू शकते. खालची पद्धत नागपूर जिल्ह्यातल्या गावांना धरून लिहिली आहे. हिशोबातले रुपये उदाहरणापुरते आहेत. त्या जागी आपल्या गावाचे दर घाला.

हंगाम आधी ठरवा

जिल्ह्याचे चौदा तालुके, पण मजुरीच्या दृष्टीने दोन मोठे पट्टे. काटोल, नरखेड, कळमेश्वर, सावनेर इकडे कापूस, सोयाबीन आणि संत्रा. मौदा, कुही, भिवापूर, रामटेक, पारशिवनी इकडे धानाच्या बांध्या, शिवाय भिवापूरकडे मिरची. कापसाच्या गावात जुलै-ऑगस्टचे निंदण आणि नोव्हेंबरपासूनची वेचणी, धानाच्या गावात रोवणी आणि कापणी, अशा किमान दोन वेळी पाहणी करा. एकदाच केलेली पाहणी फसवते. रोवणीच्या पंधरवड्यात बायांना हाकारे पडतात आणि रोजी चढते, तर मार्चमध्ये त्याच बाया घरी बसलेल्या असतात.

पोळा, तान्हा पोळा आणि दसऱ्याचे दिवस सोडा. दसऱ्याच्या सुमारास बौद्ध वस्तीतली बरीच घरे दीक्षाभूमीला गेलेली असतात. त्या दिवसांत फिरलात तर एक अख्खी वस्ती तुमच्या वहीतून गळते.

घरांची यादी

ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या नोंदवहीवरून सुरुवात करा आणि ती अंगणवाडीच्या कुटुंब नोंदवहीशी ताडून पाहा. दोन्हींत फरक निघेलच. घरपट्टीत अतिक्रमणातली झोपडी अनेकदा नसते, गावकुसाबाहेरचा पारधी बेडा (पारध्यांची वस्ती) अनेकदा नसतो. मध्य प्रदेशातून, छिंदवाडा-बालाघाटकडून हंगामापुरती आलेली आणि वावरातल्या कोठ्यात राहणारी माणसे तर कुठल्याच वहीत नसतात. त्यांची वेगळी यादी करा. गावात सर्वांत कमी पैशात आणि सर्वांत जास्त तास राबणारी माणसे बहुधा याच यादीत सापडतात.

तीनशे घरांच्या गावात साठ घरे पुरतात. घरे वस्तीवार मांडा, पहिले घर चिठ्ठी टाकून काढा, मग दर पाचवे घर घ्या. एखाद्या वस्तीत दहा-बाराच घरे असतील तर ती सगळी घ्या, पण त्यांचे आकडे गावाच्या सरासरीत तसेच मिसळू नका, नाहीतर छोट्या वस्तीचे वजन उगाच वाढते. एका घराला चाळीस-पंचेचाळीस मिनिटे लागतात. दोघांची एक जोडी संध्याकाळी चार घरे करते, म्हणजे तीन जोड्यांचे काम पाच संध्याकाळींत होते.

जोडीत एक बाई हवीच. ज्याच्या घरी गावातले मजूर जातात, अशा शेतकऱ्याचा मुलगा नको, पोलीस पाटीलही नको. बाईला नवऱ्यासमोर विचारू नका. नवरा उत्तर देतो, आणि बायकोचे तास त्याला माहीत नसतात.

मागचे सात दिवस

पाहणीचा कणा हाच आहे. 'साधारण किती मिळतात' असे विचारू नका. कालच्या दिवसापासून एकेक दिवस मागे जा. 'मावशी, काल कोणाच्या वावरात होत्या?' इथून सुरुवात केली की बाकीचे आठवत जाते. प्रत्येक दिवसाला एक ओळ, आणि ओळीत एवढे रकाने: काम कोणते, घरून किती वाजता निघाल्या, वावरात किती वाजता वाकल्या, जेवणाची सुट्टी किती, परत किती वाजता, पैसे ठरले किती, हातात पडले किती, आणि कधी. शेवटचे दोन रकाने वेगळे ठेवायचे कारण 'शनिवारी देतो' म्हणून राहिलेले पैसे. काम मिळाले नाही तो दिवसही लिहा आणि का मिळाले नाही तेही: पाऊस, बोलावले नाही, पोरगे आजारी.

वेळ आठवत नसेल तर गावातल्या खुणा धरा: पहिली एसटी, शाळेची घंटा, मजूर नेणारी गाडी.

आता हिशोब. समजा निंदणाला गेलेली बाई सकाळी सव्वानऊला निघाली, दहा ते साडेपाच वावरात होती, अर्धा तास जेवली आणि सव्वासहाला घरी आली. हातात २५० रुपये. वावरातले सात तास धरले तर तासाला सुमारे ३६ रुपये, जाण्यायेण्याचा दीड तास धरला तर २९. त्याच दिवशी फवारणीला गेलेला माणूस सात ते बारा राबून ४०० घेऊन आला: तासाला ८०. इथे थांबून लगेच 'अन्याय' असे लिहू नका. फवारणीत विष अंगावर येते, पंप पाठीवर असतो, त्याचा दर वेगळा असण्याला कारण आहे. खरी कसोटी त्या दिवसांची, जेव्हा बाई आणि पुरुष एकाच वावरात तेच काम करतात, जसे सोयाबीन सोंगणे (कापणे), संत्र्याची वर्गवारी, धान बांधणे. त्या ओळींवर खूण करा आणि फक्त त्यांचीच तुलना वेगळी मांडा. समान कामाला समान वेतन १९७६ पासून कायद्यात आहे. ग्रामसभेत बोलताना हाच तक्ता उपयोगी पडतो.

वेचणी: दर नको, वजन विचारा

वेचणी किलोवर असते. दर दहा रुपये किलो धरू. सीतादही, म्हणजे वेचणीआधीची वावरातली पूजा, झाल्यावरच्या पहिल्या वेच्यात बोंडे थोडी, बाई दिवसाला २२ किलो वेचते: २२० रुपये. दुसऱ्या वेच्यात कापूस पांढराशुभ्र फुटलेला, ३५ किलो: ३५० रुपये. फरदडीत, म्हणजे हंगाम सरल्यावर राखलेल्या जुन्या झाडांवर, १२ किलो: १२० रुपये. दर तोच, पाठ तेवढीच वाकलेली, आणि मजुरी निम्म्याहून खाली. म्हणून प्रत्येक वेच्याचे वजन वेगळे लिहा.

मग काटा. संध्याकाळी अंधारात ताणकाट्यावर गाठोडी टांगली जातात तेव्हा तिथे उभे राहा, फक्त बघा आणि लिहा. तीन ठिकाणी वजन जाते. १७.८ चे १७ लिहिले जाते. बारदान्याचे म्हणून सरसकट अर्धा किलो कापले जाते, पण गाठोडे लुगड्याचे असते, त्याचे वजन खरेच तेवढे भरते का ते बघा. तिसरे, ओलाव्याची कपात. सकाळच्या दवातला कापूस खरोखर ओला असतो, तेव्हा ती सरसकट खोटी धरू नका; ती किती केली आणि कुणी ठरवली एवढे लिहा.

काटा तपासणे सोपे आहे. रिकामी बादली टांगून आकडा लिहा, मग लिटरच्या मापाने बरोबर दहा लिटर पाणी ओता. आकडा दहा किलोनेच वाढला पाहिजे. साडेनऊने वाढला तर काटा दर दहा किलोला अर्धा किलो खातो. बारा बायांचे रोज अर्धा-अर्धा किलो गेले तर दिवसाला ६० रुपये, वीस दिवसांत १,२००. पाण्याची ही चाचणी चारचौघांत करा. ती पाहिल्यावर बहुतेक शेतकरी स्वतःहून काटा बदलतात, कारण अनेकांना तो चुकतो हे माहीतच नसते.

गुत्ता

सोंगणी हल्ली एकरावर गुत्त्याने, म्हणजे ठोक रकमेवर, जाते. एकराचे ४,००० ठरले, टोळीत चार पुरुष आणि चार बाया. वाटे बरोबर पडले तर प्रत्येकी ५००. पण पुरुषाला एक वाटा आणि बाईला पाऊण अशी रीत असेल तर एकूण वाटे सात, पुरुषाला ५७१ आणि बाईला ४२९. बाईचे ७१ रुपये मालकाने कापलेले नाहीत, ते टोळीतच फिरले. 'मालक किती देतो' एवढेच विचारणाऱ्या पाहणीत हे कधीच येत नाही. वाटे कसे पडतात आणि टोळी जमवणारा आपला किती ठेवतो, दोन्ही प्रश्न विचाराच.

सालदार

सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी. त्याचे साल गुढीपाडव्याला बदलते, म्हणून त्याची पाहणी पाडव्यानंतरच्या दोन आठवड्यांत करा. ठरलेले बोल तेव्हा ताजे असतात. रक्कम, आगाऊ उचल, धान्य, कपडे, चपला, खाड्याची कपात आणि मागची बाकी हे सगळे लिहा.

समजा १,२०,००० ठरले. दिवसाला ३२९ रुपये. सकाळच्या वैरणीपासून रात्रीच्या ओलितापर्यंत अकरा तास धरले तर तासाला ३० रुपये. आता त्याच्या बायकोला विचारा: गोठ्यातले शेण कोण काढते? उत्तर 'मीच' असेल आणि रोज दीड तास जात असेल, तर वर्षाला सुमारे ५४७ तास त्याच रकमेत जातात आणि तासाचा दर २६ वर येतो. खाडे कसे कापतात तेही बघा. वीस खाडे त्याच्याच दराने कापले तर ६,५७५ रुपये जातात, पण बाहेरच्या ४०० च्या रोजीने कापले तर ८,०००. बाकी अशीच फुगत जाते.

बाकी फिटेपर्यंत दुसरीकडे जाऊ देत नाहीत किंवा घरच्या पोराला बदली म्हणून घेतात, असे कळले तर ते मजुरीचे प्रकरण राहिले नाही. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने बंद झाली आहे. तहसीलदार किंवा उपविभागीय अधिकाऱ्याकडे लेखी द्या. मात्र त्या कुटुंबाला विचारल्याशिवाय एक ओळही बाहेर काढू नका; राहते घर मालकाच्या वावरात असते आणि रात्रीतून सामान बाहेर पडू शकते.

जमीन

सातबारा आणि ८अ हे जमिनीचे उतारे ऑनलाइन मिळतात, पण त्यावर मालक दिसतो, कसणारा दिसत नाही. बटईची, म्हणजे पिकाच्या वाट्यावर कसायला दिलेली, जमीन बहुधा तोंडी असते आणि कुळ लागेल या भीतीने कागदावर येत नाही. म्हणून 'तुमची किती' आणि 'तुम्ही कसता किती' हे दोन वेगळे प्रश्न. एकरासोबत पाणीही लिहा: विहिरीवरचा दोन एकर संत्रा आणि पाच एकर कोरडवाहू कापूस यांत आकडा मोठा कुठला आणि घर चालते कुठल्यावर, हे ज्याचे त्याला कळते. सातबाऱ्यावर बाईचे नाव आहे का, हा रकाना रिकामा सोडू नका.

जात विचारताना चाचरू नका आणि तुम्ही ठरवूही नका. १९५६ नंतर स्वतःला बौद्ध म्हणवणाऱ्या घरात दाखल्यावर जातीचे जुने नाव असू शकते. सांगतील ते लिहा. त्याहून जास्त कळते ते या प्रश्नांतून: वावरात पाणी कुठून पिता? डबा कुठे बसून खाता? गोठ्याचे काम कोणत्या वस्तीकडे जाते आणि धान्य भरायला घरात कुणाला बोलावतात?

शेतकऱ्यांची सहा-सात घरेही घ्या. वेचणीचा खर्च कापसाच्या भावाचा किती भाग खातो, हे त्यांच्या तोंडून आले पाहिजे. दोन एकरवाल्याला मजुरी द्यायला उधारी काढावी लागते आणि मोठा बागवाला दर दाबतो, या दोन गोष्टी एका रकान्यात घातल्या तर पाहणी निकामी होते.

आकडे मांडताना

सरासरीऐवजी मधला आकडा घ्या: सगळे दर चढत्या क्रमाने लिहा आणि बरोबर मधला उचला. एका ठेकेदाराच्या घरातले मोठे उत्पन्न सरासरी वर ओढते, मधला आकडा हलत नाही. बाया, पुरुष, सालदार, बाहेरून आलेले, हे गट वेगळे ठेवा. नावांच्या जागी क्रमांक वापरा. क्रमांक-नावाची यादी पाहणीच्या वहीत नको, दुसऱ्या घरी ठेवा.

तक्ता आधी महिला सभेत वाचा, मग ग्रामसभेत. ग्रामसभेची गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जे कमी असेल ते. सभा वेचणीच्या दिवशी दुपारी लावली तर बाया येणार नाहीत. संध्याकाळची वेळ आधीच मागून घ्या. एकदम सगळे मागू नका. पहिल्या सभेत तपासलेला काटा, दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पैसे आणि गुत्त्यात सारखे वाटे, एवढे ठरावात आले तरी पुष्कळ. शेतमजुरीचा चालू किमान दर कामगार कार्यालयातून लेखी घ्या आणि ठरावाला जोडा.

यानंतर बहुधा एक गोष्ट घडते: ज्या बाया बोलल्या त्यांना पुढच्या आठवड्यात हाकारा येत नाही. म्हणून ठराव एकीच्या तोंडून नको, गटाच्या नावाने मांडा. आणि सभेनंतर पंधरा दिवसांनी त्याच साठ घरांत जाऊन सात दिवसांची ओळ पुन्हा भरा. कामाचे दिवस कुणाचे घटले ते त्यात दिसेल.