बारावीनंतरचा प्रवेश: निकालाआधी फाइलमध्ये काय काय हवं

सीईटीत, म्हणजे राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षेत, ९० च्या वर पर्सेंटाइल मिळूनही मुलाचा अर्ज राखीव प्रवर्गातून खुल्या प्रवर्गात जातो आणि हातातली जागा निसटते. कारण बहुतेक वेळा एकच निघतं, जात वैधता प्रमाणपत्र वेळेत आलेलं नाही. म्हणून महाराष्ट्रातल्या प्रवेशाची तयारी कपाटातल्या फाइलपासून सुरू करा, आणि ती अकरावीचा निकाल लागला की लगेच. बारावीच्या मे महिन्यात तहसील आणि सेतू केंद्रात सगळा जिल्हा रांगेत असतो.

पहिलं काम नावांचं. दहावीची गुणपत्रिका पाया धरा आणि तिच्याशेजारी आधार, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला आणि बँकेचं पासबुक ठेवून अक्षरन् अक्षर ताडून बघा. एका कागदावर 'सुनिता' आणि दुसऱ्यावर 'सुनीता', इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक 'ए' कमी, वडिलांचं नाव कुठे पूर्ण तर कुठे नुसतं आद्याक्षर, अशा फरकांवर अर्ज परत येतो किंवा शिष्यवृत्ती अडकते. आधारमधली चूक केंद्रावर जाऊन दुरुस्त होते. शाळेच्या दाखल्यातली चूक मात्र विद्यार्थी शाळा-कॉलेजच्या पटावर असेपर्यंतच सोपी असते. दाखला काढून बाहेर पडल्यावर तीच दुरुस्ती फार जिकिरीची होते. आधारला चालू मोबाइल नंबर जोडलेला आहे ना, हेही आत्ताच बघा. ऐन अर्जाच्या दिवशी ओटीपी गावी असलेल्या काकांच्या फोनवर जातो आणि काका शेतात असतात.

आता जात वैधता, कारण सगळ्यात जास्त वेळ हीच खाते. जातीचा दाखला उपविभागीय अधिकारी देतात. तो खरा आहे हे तपासून वैधता देते ती जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समिती. अनुसूचित जमातींच्या समित्या वेगळ्या आहेत. शिक्षणासाठीचा अर्ज नमुना १६ मध्ये ऑनलाइन भरतात. सोबत कॉलेजच्या सहीशिक्क्याचा नमुना १५-अ, वंशावळीचं शपथपत्र नमुना ३ आणि कागदपत्रं खरी असल्याचं शपथपत्र नमुना १७ लागतं. कागदांमध्ये वजन असतं ते जुन्या नोंदीला. समिती मानीव दिनांकाआधीचा, म्हणजे प्रवर्गागणिक ठरवून दिलेल्या तारखेआधीचा पुरावा बघते: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. म्हणजे मुलाचा आणि वडिलांचा दाखला पुरत नाही. आजोबांच्या किंवा पणजोबांच्या शाळेतला निर्गम उतारा, म्हणजे शाळेच्या रजिस्टरमधली नोंद, नाहीतर गाव नमुना १४ म्हणजे कोतवाल बुकाची नक्कल शोधावी लागते. जुनी नोंद मोडी लिपीत असेल तर लिप्यंतर करून घ्यायला आणखी दिवस धरा. वडिलांकडच्या रक्तनात्यात कुणाला वैधता मिळालेली असेल, सख्खी आत्या, काका, चुलतभाऊ, तर त्यांच्या प्रमाणपत्राची प्रत लावा आणि वंशावळीत त्यांचं नाव नातं जुळेल असं नीट दाखवा. सगळ्यात जास्त त्रुटी इथेच निघतात: वंशावळीत 'गणपत', जुन्या उताऱ्यात 'गणू', आणि दोघे एकच हे सांगणारं शपथपत्र नाही. अर्ज केल्यावर आलेला त्रुटीचा मेसेज वाचायचा राहून जातो आणि प्रकरण तसंच पडून राहतं, म्हणून दर पंधरवड्याला स्थिती तपासा. प्रवेशाच्या वेळी अर्जाची पावती तात्पुरती चालते, पण दिलेल्या मुदतीत मूळ प्रमाणपत्र जमा झालं नाही तर प्रवर्गाचा हक्क जातो. मुदतवाढ मिळेल या भरवशावर राहू नका.

नॉन-क्रीमी लेअर, म्हणजे कुटुंब उन्नत गटात मोडत नाही असं प्रमाणपत्र, हे इतर मागासवर्ग (इमाव), विमुक्त जाती-भटक्या जमाती (विजाभज), विशेष मागास प्रवर्ग (विमाप्र) आणि सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग (एसईबीसी) यांच्या मुलांना लागतं, आणि ते वेळ बघूनच काढायचं. २०२६-२७ च्या प्रवेशासाठी ते ३१ मार्च २०२७ पर्यंत वैध असलं पाहिजे. फार आधी काढलेलं मार्चअखेर संपतं. त्यासाठी तीन वर्षांच्या उत्पन्नाचा दाखला लागतो, शिष्यवृत्तीसाठी एका वर्षाचा. दोन्ही एकाच फेरीत मागून घ्या. खुल्या प्रवर्गातल्यांनी कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर ईडब्ल्यूएस, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचं प्रमाणपत्र काढावं. ज्यांना आयआयटी, एनआयटीकडेही जायचं आहे त्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी: केंद्राचा नमुना वेगळा असतो, राज्याचं प्रमाणपत्र तिथे चालत नाही, आणि जेईईच्या प्रवेशासाठी केंद्राच्या नमुन्यातलं ओबीसी किंवा ईडब्ल्यूएस त्याच वर्षीच्या १ एप्रिलनंतरचं लागतं.

अधिवास प्रमाणपत्र तहसीलमधून काढून ठेवा. दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रात झाली आणि जन्म किंवा अधिवास इथला असेल तर प्रवेशाच्या नियमांत उमेदवार 'टाइप ए' ठरतो. बेळगाव, निपाणीसारख्या सीमाभागातल्या मराठी मातृभाषेच्या मुलांसाठी 'टाइप ई' आहे; त्याचा ठरलेल्या नमुन्यातला दाखला आधी मिळवावा लागतो. अभियांत्रिकीला जाणाऱ्यांनी गृह विद्यापीठाचाही, म्हणजे ज्याच्या महाविद्यालयांत जास्त जागा तुमच्यासाठी असतात त्या विद्यापीठाचा, विचार अकरावीला प्रवेश घेतानाच करावा. ते तुमच्या गावावरून ठरत नाही, बारावी कुठून झाली त्यावरून ठरतं. जळगावचा मुलगा लातूरला राहून बारावी झाला तर त्याचं गृह विद्यापीठ नांदेडचं होतं, आणि जळगावकडच्या महाविद्यालयांत तो बाहेरच्या विद्यापीठाच्या ३० टक्के जागांसाठी लढतो.

परीक्षांची आखणी करताना मुलाला काय नको आहे हे आधी विचारा. यादी लवकर लहान होते. एमएचटी-सीईटी पीसीएम (भौतिक, रसायन, गणित) आणि पीसीबी (भौतिक, रसायन, जीवशास्त्र) अशा दोन गटांत होते, दोन्ही २०० गुणांच्या. पीसीएममध्ये गणिताच्या प्रश्नाला २ गुण, भौतिक आणि रसायनच्या प्रश्नाला १. अकरावीवर सुमारे २० टक्के आणि बारावीवर ८० टक्के प्रश्न असतात आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नका. बी. फार्मसीला दोन्ही गट चालतात. फक्त त्यासाठी गणितवाल्याने पीसीबीचा वेगळा अर्ज भरायची गरज नाही. डी. फार्मसी बारावीच्या गुणांवर होते. बीबीए, बीसीए, बीएमएससाठी २०२४ पासून वेगळी सीईटी आहे आणि तिचा अर्ज बारावीच्या निकालाआधीच भरायचा असतो. निकालानंतर कॉलेजात चौकशीला जाणाऱ्यांची गाडी तिथेच चुकते. अभियांत्रिकीसाठी बारावीच्या ठरलेल्या विषयांत मिळून खुल्या प्रवर्गाला ४५ आणि राखीव प्रवर्गाला ४० टक्के लागतात, सीईटी कितीही चांगली गेली तरी.

पर्यायांचा फॉर्म, म्हणजे हवी ती कॉलेजं आणि शाखा क्रमाने लिहायचा अर्ज, हा अख्ख्या प्रक्रियेतला सगळ्यात निर्णायक कागद आहे, त्याला एक पूर्ण दिवस द्या. मागच्या वर्षीचा कटऑफ उघडला की 'जीओपीईएनएस', 'एलओबीसीएच' असे कोड दिसतात. पहिलं अक्षर जी म्हणजे सर्वसाधारण, एल म्हणजे मुली, मधे प्रवर्ग, शेवटचं एच गृह विद्यापीठ, ओ बाहेरचं, एस राज्यस्तर. आपल्याला लागू असलेलीच ओळ वाचा. पुण्याचं सीओईपी, मुंबईचं व्हीजेटीआय या अभियांत्रिकी संस्थांत राज्यस्तरावर स्पर्धा असते, तिथे एच शोधत बसू नका. फॉर्म भरताना क्रम मनाच्या ओढीप्रमाणे लावा, मिळेल की नाही या भीतीने वरचं कॉलेज खाली ढकलू नका. वर लिहिलेलं मिळालं नाही म्हणून खालचं हातचं जात नाही. पण नको असलेली शाखा भर म्हणून वरही घालू नका. २०२५-२६ च्या अभियांत्रिकी प्रवेशात चार फेऱ्या होत्या. पहिल्या फेरीत पहिला पर्याय, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी कुठलाही पर्याय मिळाला तर जागा आपोआप पक्की होत होती, पुढच्या फेरीत जाता येत नव्हतं. नियम दरवर्षी बदलतात, तेव्हा त्या वर्षीची माहिती पुस्तिका डाउनलोड करून हा भाग आईवडिलांनी आणि मुलाने एकत्र बसून वाचावा. जागा मिळाली की मुदतीत लॉगिनमधून स्वीकारायची आणि १००० रुपये भरायचे. नेटकॅफेवाल्यावर हे सोडू नका. पासवर्ड तुमच्याकडे, ओटीपी तुमच्या फोनवर आणि भरलेल्या पैशांची पावती छापून फाइलमध्ये.

फीचा हिशेब कॉलेज ठरवण्याआधी करा. शिक्षण शुल्क माफीच्या जागांना, म्हणजे टीएफडब्ल्यूएसला, वेगळा चॉइस कोड असतो. तो फॉर्ममध्ये टाकला नाही तर उत्पन्नाचा दाखला असूनही लाभ मिळत नाही. २०२४-२५ पासून ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि इमाव मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, पण प्रवेश राज्याच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांतून झालेला हवा. संस्थास्तरावर किंवा व्यवस्थापन कोट्यात घेतला तर नाही. महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलचे पैसे आधार जोडलेल्या खात्यातच येतात. मुलाच्या स्वतःच्या नावाचं खातं आत्ताच उघडा.

पदवीशिवायचे रस्तेही यादीत असू द्या, मन मारून नाही, नीट विचार करून. बारावी विज्ञान किंवा दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय झालेल्याला पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षात जाता येतं, आणि डिप्लोमानंतर अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात. ज्याला हाताने काम करायला आवडतं त्याला हा रस्ता कमी खर्चाचा पडतो.

शेवटी एक साधं काम: शाळा सोडल्याचा मूळ दाखला कॉलेजात जमा होण्याआधी त्याच्यासकट प्रत्येक कागदाच्या किमान पाच झेरॉक्स आणि रंगीत स्कॅन काढून ठेवा. स्कॅन करताना घडी पूर्ण उघडा, शिक्का आणि बारकोड कापला जाऊ देऊ नका; पडताळणीत अर्ज परत येण्याचं हे नेहमीचं कारण आहे. मूळ कागद एकदा संस्थेत गेले की दुसऱ्या फेरीच्या धावपळीत ते लगेच परत मिळत नाहीत.