फाटकावर पूल हवाय? राज्याचा हिस्सा मागायला जाण्याआधीची तयारी

रेल्वे हा विषय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत केंद्राच्या यादीत येतो. त्यामुळे गावातली माणसं फाटकावर पूल हवा म्हणून थेट डीआरएमच्या, म्हणजे विभागीय रेल्वे व्यवस्थापकांच्या, कार्यालयात किंवा खासदारांकडे निवेदन घेऊन जातात. रेल्वेकडून उत्तर येतं की राज्याची संमती आणि राज्याचा हिस्सा येऊ द्या. सार्वजनिक बांधकाम खात्यात (पीडब्ल्यूडी) गेलं की तिथे सांगतात, रेल्वेचा आराखडा येऊ द्या. महाराष्ट्रातल्या स्थानिक रेल्वे कामांपैकी बरीचशी दोघांच्या पैशांवर होतात, आणि अडतात तीही बहुतेक याच जागी. म्हणून तयारी करायची ती एका प्रश्नाच्या उत्तरासाठी: या कामातला कोणता रुपया कोण देणार, आणि तसं लिहिलेला कागद कुठे आहे?

आधी मागणी नेमकी काय आहे ते गावाच्या समितीच्या बैठकीत ठरवून एका वाक्यात लिहा. फाटकाच्या जागी उड्डाणपूल, फाटकाच्या जागी भुयारी मार्ग, नवा रेल्वेमार्ग, गाडीचा थांबा या चार मागण्यांच्या चार वेगळ्या वाटा आहेत. थांबा आणि वेळापत्रक हा सर्वस्वी रेल्वेचा प्रश्न. त्यात राज्याचा पैसा येत नाही, तेव्हा ती मागणी पुलाच्या अर्जात घालू नका. एकाच निवेदनात सगळं कोंबलं की ते कोणत्याच टेबलावर स्थिरावत नाही.

मग आपलं फाटक कोणाच्या हद्दीत आहे ते पाहा. पुणे, सोलापूर, भुसावळ हे मध्य रेल्वेचे विभाग, तर नांदेड विभाग दक्षिण मध्य रेल्वेचा. नागपुरात तर दोन विभागीय कार्यालयं आहेत, एक मध्य रेल्वेचं आणि एक दक्षिण पूर्व मध्य रेल्वेचं. जिल्हा एकच असला तरी दोन फाटकांचे मालक वेगळे असू शकतात. चुकीच्या विभागात गेलेला अर्ज फिरत फिरत योग्य जागी पोचेपर्यंत हंगाम निघून जातो. फाटकाचा क्रमांक तिथल्या पाटीवर असतो, तो घ्या. शेजारच्या विजेच्या खांबावर किलोमीटर आणि खांबाचा क्रमांक रंगवलेला असतो, त्याचा फोटो घ्या. अर्जात ‘गावाजवळचं फाटक’ असं न लिहिता हे क्रमांक आणि कोणत्या दोन स्थानकांच्या मधलं, एवढं लिहिलं की रेल्वेच्या अभियंत्याला जागा लगेच सापडते. रस्ता कोणाचा हेही तितकंच महत्त्वाचं. राष्ट्रीय महामार्ग, राज्यमार्ग, जिल्हा परिषदेचा रस्ता की नगरपालिकेचा, यावर पैसा कोणत्या खिशातून येणार ते ठरतं. रस्त्याचा क्रमांक बांधकाम विभागाच्या शाखा अभियंत्याकडून लेखी घ्या.

आता मोजणी. यावर सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण पुढचं सगळं या आकड्यावर उभं राहतं. रेल्वेत याला टीव्हीयू (ट्रेन व्हेइकल युनिट) म्हणतात. चोवीस तासांत फाटकावरून गेलेल्या रेल्वेगाड्यांची संख्या गुणिले त्याच चोवीस तासांत फाटक ओलांडलेली वाहनं. हा गुणाकार एक लाखाला पोचला की रेल्वे आणि राज्य यांनी निम्मा निम्मा खर्च उचलून पूल बांधावा, असा संकेत वर्षानुवर्षं चालत आला आहे. दिवसाला 80 गाड्या आणि 1,300 वाहनं असतील तर गुणाकार 1,04,000 होतो आणि फाटक पात्र ठरतं. आकडा एक लाखाच्या खाली आला तर दार बंद होत नाही, पण निम्म्या वाट्याचा दावा आपोआप उभा राहत नाही. मग अपघात, वळणामुळे न दिसणारी गाडी, स्थानकाला लागून असल्यामुळे सतत बंद राहणारं फाटक अशी कारणं पुराव्यानिशी मांडावी लागतात.

रेल्वे स्वतः ठरावीक काळाने ही गणना करते. तिच्या शेवटच्या गणनेची तारीख आणि आकडा आधी मागवा. तो जुना असेल आणि मधल्या काळात साखर कारखाना, एमआयडीसी किंवा मोठं कॉलेज आलं असेल, तर रेल्वे आणि राज्य यांनी मिळून नव्याने संयुक्त गणना करण्याची मागणी करा. तुमची स्वतःची मोजणीही हवी, सलग सात दिवस, रात्रीसकट. रात्रीही रेल्वेगाड्या धावतात, पण वाहनं कमी असतात, म्हणून फक्त दिवसाचे आकडे घेतले तर चित्र बिघडतं. प्रवासी वेळापत्रकावरून गाड्या मोजू नका, त्यात मालगाड्या येत नाहीत. बस, ट्रक, बैलगाडी, रिक्षा, दुचाकी यांचे रकाने वेगळे ठेवा, कारण गुणाकारात सगळी वाहनं सारखी धरत नाहीत. रिक्षा आणि दुचाकी कमी धरतात. बाजाराचा दिवस या आठवड्यात यायला हवा. ऊसतोडणीच्या हंगामात गणना केली असेल तर तसं स्पष्ट लिहा आणि शक्य झालं तर बिगरहंगामातली एक जोडा. फुगवलेला आकडा संयुक्त गणनेत पहिल्याच दिवशी उघडा पडतो आणि मग खऱ्या आकड्यावरही कोणी विश्वास ठेवत नाही.

गणनेसोबत फाटक किती वेळ बंद राहतं याची नोंद ठेवा. गेटमनच्या खोलीत नोंदवही असते, फाटक केव्हा लावलं आणि केव्हा उघडलं याच्या वेळा तिच्यात असतात. ती वही तुम्हाला थेट मिळणार नाही आणि गेटमनकडे मागूही नका, तो ड्यूटीवर असतो. पण माहितीच्या अधिकारात ठरावीक आठवड्याच्या नोंदींची प्रत मागता येते. 108 रुग्णवाहिका फाटकावर अडकल्याच्या घटना असतील तर तारीख आणि वेळ लिहा, रुग्णाचं नाव लिहू नका. एवढ्या कागदाने बैठकीचा सूर बदलतो.

पैशाच्या वाटा समजून घ्या, म्हणजे कोणी ‘निधी नाही’ म्हटलं की पुढचा प्रश्न विचारता येतो. पहिली वाट वर सांगितलेली, निम्मा निम्मा. दुसरी वाट केंद्रीय रस्ते व पायाभूत सुविधा निधीतली. राज्याच्या रस्त्यांवरच्या फाटकांसाठी त्यात ‘सेतुबंधन’ नावाची योजना आहे, आणि प्रस्ताव राज्याकडूनच जावा लागतो. राष्ट्रीय महामार्गांवरची फाटकं काढण्यासाठी 2016 मध्ये ‘सेतुभारतम्’ सुरू झाली. तुमचा रस्ता महामार्ग असेल तर बांधकाम विभागाच्या राष्ट्रीय महामार्ग शाखेकडे जायचं. तिसरी वाट म्हणजे डिपॉझिट वर्क. रेल्वे अधिनियम 1989 च्या कलम 17 नुसार राज्य सरकार किंवा स्थानिक प्राधिकरण स्वतःच्या खर्चाने रेल्वेकडून रूळ ओलांडण्याच्या जादा सोयी करून घेऊ शकतं. पैसे आधी भरायचे, मग काम. नगरपालिका या वाटेने जाणार असेल तर रेल्वेच्या मागणीपत्रात देखरेखीचं शुल्क आणि पुढच्या देखभालीची एकरकमी रक्कम धरली आहे का, हे ठराव करण्याआधी विचारा. ठराव दहा कोटींचा आणि मागणीपत्र तेराचं, असं झालं की फाइल पुन्हा सर्वसाधारण सभेपुढे जाते.

महारेलचं नाव तुम्ही ऐकलं असेल. महाराष्ट्र रेल इन्फ्रास्ट्रक्चर डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन ही राज्य सरकार आणि रेल्वे मंत्रालय यांची निम्म्या निम्म्या भागभांडवलाची कंपनी. तिचा मोठा उपयोग माझ्या मते असा की पूल एकाच हाताने बांधला जातो. जुन्या पद्धतीत रुळांवरचा गाळा रेल्वे बांधायची आणि दोन्ही बाजूंचे पोहोचरस्ते पीडब्ल्यूडी. मधला गाळा तयार, पण चढायला रस्ता नाही, असे पूल कित्येक तालुक्यांनी वर्षानुवर्षं पाहिले आहेत. मुंबईत रे रोडचा केबल-स्टेड पूल महापालिकेच्या पैशांतून महारेलने बांधला. आपल्या कामासाठी एकच यंत्रणा नेमावी, ही मागणी निवेदनात ठळकपणे घाला. मुंबई उपनगरी मार्गांसाठी मात्र वेगळी संस्था आहे, 1999 मध्ये स्थापन झालेली एमआरव्हीसी, म्हणजे मुंबई रेल्वे विकास कॉर्पोरेशन. तिच्यात रेल्वेचा हिस्सा 51 टक्के आणि राज्याचा 49 टक्के.

जमिनीचा विचार पूल मंजूर झाल्यावर करू, असं म्हणू नका. विजेवरच्या मार्गावर पुलाचा रस्ता रुळांपासून साधारण आठ-नऊ मीटर वर जातो. तीस मीटरला एक मीटर असा चढ धरला तर प्रत्येक बाजूला अडीचशे मीटरच्या आसपास पोहोचरस्ता लागतो. तेवढी लांबी फाटकापासून पावलांनी मोजत जा आणि वाटेत कोणाचं घर, कोणाचं दुकान, कोणती विहीर, कोणती शाळा येते ते लिहा. सातबारे काढा. त्या लोकांना पहिल्या बैठकीपासून बोलवा. त्यांची मागणी बहुधा सर्व्हिस रोडची आणि रास्त मोबदल्याची असते आणि दोन्ही गोष्टी आराखड्याच्या टप्प्यावर बसवता येतात. रेल्वेने विशेष प्रकल्प म्हणून जमीन घ्यायची ठरवली तर रेल्वे अधिनियमाच्या कलम 20अ ची अधिसूचना निघते आणि हरकतींसाठी 30 दिवस मिळतात. ही तारीख चुकवू नका.

भुयारी मार्ग मागत असाल, तर पाणी कुठे जाणार हे आधी विचारा. मी तर म्हणेन, याचं उत्तर नकाशावर दिसेपर्यंत संमती देऊ नका. पावसाळ्यात कमरेएवढं पाणी भरलेले अंडरपास राज्यभर आहेत, आणि फाटक तर कायमचं बंद झालेलं असतं. शाळेची मुलं रुळ ओलांडायला लागतात, आणि फाटक काढलं होतं ते हेच थांबवण्यासाठी. जवळचा ओढा अंडरपासच्या तळापेक्षा खाली आहे का? नसेल तर उपसा पंप, त्याचं वीजबिल आणि चालवणारा माणूस कोणाचा? रेल्वे बहुतेक वेळा पाण्याचा निचरा आणि दिवे यांची लेखी हमी राज्याकडून किंवा स्थानिक संस्थेकडून मागते. ग्रामपंचायतीने ती सही करण्याआधी वर्षाचा खर्च काढावा आणि तो कोणत्या निधीतून येणार हे ठरावात लिहावं. उंचीही बघा. उसाची भरलेली ट्रॉली, कडब्याची गाडी, हार्वेस्टर खालून जाणार नसेल तर शेतकऱ्यांना पर्यायी वाट हवी, आणि तिचं अंतर किती पडतं ते मोजा. फाटक कायमचं बंद करायला रेल्वेला जिल्हा प्रशासनाची संमती लागते. तुमच्या अटी याच संमतीत घालून घ्यायच्या असतात, कारण एकदा पत्र गेलं की तुमच्या हातात फारसं काही उरत नाही. जिल्हाधिकारी कार्यालयात लवकर जा.

नवा मार्ग ही मागणी असेल तर धीर आणि हिशेब दोन्ही मोठे लागतात. अहिल्यानगर–बीड–परळी हा 261 किलोमीटरचा मार्ग 1990 च्या दशकात मंजूर झाला आणि त्यात राज्याचा वाटा निम्मा. आष्टीपर्यंत गाडी आली सप्टेंबर 2022 मध्ये, बीडला पोचली 17 सप्टेंबर 2025 ला. मधल्या वर्षांत किंमत काहीशे कोटींवरून 4,800 कोटींच्या घरात गेली. वर्धा–यवतमाळ–नांदेड या 284 किलोमीटरच्या मार्गात राज्याचा वाटा 40 टक्के आहे. त्यातला वर्धा–कळंब तुकडा 28 फेब्रुवारी 2024 ला सुरू झाला. अशा मार्गांसाठी राज्याच्या हप्त्यांचे शासन निर्णय निघतात, गृह विभागाच्या परिवहन शाखेकडून. ते सरकारच्या संकेतस्थळावर मराठीत वाचायला मिळतात. प्रत्येक निर्णयाची तारीख आणि रक्कम एका वहीत लिहून काढा, शेजारी रेल्वेच्या पिंक बुकमधली (अर्थसंकल्पातली कामनिहाय तरतुदींची यादी) त्या वर्षाची तरतूद लिहा. कोणाचा हप्ता मागे आहे ते चार पानांत दिसतं, आणि मग निवेदन नेमक्या दारात देता येतं. पिंक बुकमध्ये कामाचं नाव आलं म्हणजे पैसा आला असं समजू नका. शेवटचा रकाना बघा. कधीकधी तिथे नाममात्र तरतूद असते.

कॅलेंडर भिंतीवर लावा. केंद्राचा अर्थसंकल्प 1 फेब्रुवारीला, राज्याचा साधारण मार्चमध्ये. दोन्हींची तयारी आदल्या पावसाळ्यानंतर सुरू होते, म्हणून गणना, सातबारे, ग्रामसभेचा ठराव हे सगळं दिवाळीच्या आत हातात हवं. राज्याला मार्चमध्ये जमलं नाही तर पावसाळी आणि नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात पुरवणी मागण्या येतात. आमदारांना त्यासाठी तयार टिपण द्या, एका पानाचं, फाटक क्रमांक आणि टीव्हीयू पहिल्या ओळीत.

मग संयुक्त पाहणी मागा. रेल्वेचा अभियंता, पीडब्ल्यूडीचा उपअभियंता, तहसील कार्यालयाचा माणूस आणि तुमचे दोघे एकाच दिवशी फाटकावर उभे राहिले पाहिजेत. तिथे झालेलं बोलणं इतिवृत्तात उतरवून सगळ्यांच्या सह्या घ्या, तोंडी आश्वासनावर निघून येऊ नका. यानंतर सर्वसाधारण आराखडा, ज्याला सगळे जीएडी म्हणतात, रेल्वेकडे मंजुरीला जातो. त्याच्यावर आधारलेली राज्याची प्रशासकीय मान्यता वेगळी, आणि तांत्रिक मान्यता आणखी वेगळी. कोणता कागद कोणत्या टेबलावर आहे ते दर महिन्याला विचारा. माहितीचा अधिकार वापरणार असाल तर रेल्वेला एक अर्ज आणि राज्याच्या खात्याला दुसरा. प्रत्येकी 10 रुपये शुल्क, 30 दिवसांत उत्तर. प्रत्येक पत्राची पोच आणि जावक क्रमांक फाइलच्या पहिल्या पानावर तारखेनुसार लिहीत चला. समितीतली माणसं बदलतात, अधिकारी बदलतात, आणि नव्याने आलेल्याला तेच पान आधी दाखवायचं असतं.

आराखडा मंजुरीला जाण्याआधी त्यात पायी चालणाऱ्यांसाठी जिना किंवा पादचारी पूल आहे का, हे नक्की पाहा. फाटक बंद झाल्यावर म्हातारी माणसं अर्धा किलोमीटरचा चढ-उतार करून पलीकडच्या दवाखान्यात जाणार नाहीत. निविदा निघाल्यावर ही सोय घालायची म्हणजे नवा खर्च, नवी मान्यता आणि दोन्हीकडे पुन्हा हिश्श्याचा प्रश्न.