दिवसभर सेफ्टी शूज आणि पहाटे अनवाणी धावणं: दोन्ही कसं जमवायचं

अनवाणी धावायची सवय असलेल्या माणसाला कामावर आठ-दहा तास स्टील टोचे, म्हणजे पुढे बोटांवर लोखंडी टोपी असलेले, जड बूट घालावे लागले की पहिली काळजी हीच, की एवढ्या मेहनतीने मोकळे झालेले पाय आता परत आखडणार का. वेर्ण्याच्या फॅक्टरीत, मुरगाव बंदरावर, शिपयार्डात, डिचोली-साखळीकडच्या खाणींवर, कुठेही काम करा, बूट काही चुकत नाहीत. मी स्वतः जहाजदुरुस्तीच्या कामावर असतो आणि पहाटे बिनचपलेचा धावतो, त्यामुळे हा विषय अगदी जवळचा आहे. माझं स्पष्ट मत असं की बुटाच्या वजनाचा आपण उगाच बाऊ करतो, पायाची खरी वाट लावतात त्या तीन गोष्टी: पुढचा अरुंद भाग, उचललेली टाच आणि आतली ओल. त्यातही आपल्या गोव्यात ओल सगळ्यात वाईट. या तीन गोष्टी सांभाळल्या की बूट आणि अनवाणी धावणं दोन्ही सुखाने चालतं.

आधी हे पक्कं करा

काम चालू असताना बूट काढायचे नाहीत, मऊ शूज घालून चालवून घ्यायचं नाही, सुपरवायझर बघत नाही म्हणून तर अजिबात नाही. धावून पाय कितीही मजबूत झाला तरी वरून पडणाऱ्या लोखंडापुढे त्याचं काही चालत नाही. आपल्याकडे सेफ्टी शूजसाठी आयएस १५२९८ हे स्टँडर्ड आहे आणि त्याच्या भाग २ प्रमाणे पुढची टोपी २०० जूलचा मार झेलायला हवी, म्हणजे साधारण २० किलोचं वजन एक मीटरवरून पडलं तरी बोटं वाचली पाहिजेत. बुटावर आयएसआय मार्क आणि हा नंबर आहे का ते बघा. एस१पी किंवा एस३ लिहिलं असेल तर तळात खिळा घुसू नये म्हणून थर असतो, आणि एस३ मध्ये वरचा भागही पाण्याला तोंड देतो. तुमच्या कामाला कुठला लागतो ते सेफ्टी ऑफिसरला विचारा, स्वतःच्या मनाने ठरवू नका.

माप घेताना घाई नको

अनवाणी धावणाऱ्याचा चवडा हळूहळू पसरतो, बोटांमध्ये फट दिसायला लागते, आणि तरी आपण बुटाचा जुनाच नंबर सांगतो. स्टील टो चामड्यासारखा सैल होत नाही, पहिल्या दिवशी करंगळीला लागला तर वर्षभर लागणार.

संध्याकाळी, ड्युटीनंतर, पाय थोडे सुजलेले असतात तेव्हा माप घ्या. कामावर जे मोजे घालता तेच घाला, जमिनीवर कागद ठेवून दोन्ही पायांवर सारखं वजन टाकून उभे राहा आणि दुसऱ्या कोणाला तरी पेन सरळ उभं धरून पायाभोवती रेघ मारायला सांगा, कारण स्वतः वाकलात की वजन सरकतं आणि आकार बदलतो. दोन्ही पायांचे कागद करा, बहुतेकांचा एक पाय जरा मोठा असतो, माप मोठ्या पायाचं धरायचं. मग दुकानात बुटातला इनसोल बाहेर काढून त्या रेघेवर ठेवा. करंगळी किंवा अंगठ्याची रेघ इनसोलच्या बाहेर जात असेल तर तो बूट परत ठेवून द्या, दुकानदार कितीही म्हणाला की वापरून सैल होईल. अंगठ्यापुढे साधारण अंगठ्याच्याच रुंदीएवढी जागा हवी, कारण उतारावर आणि शिडी उतरताना पाय पुढे सरकतो आणि नख टोपीला आपटून काळं पडतं. फक्त लांबी वाढवून रुंदी मिळवायला जाऊ नका, बूट चुकीच्या जागी वाकतो आणि टाच आत घसरत राहते. रुंद साच्याचा बूट मागा, कंपोझिट टोचाही (लोखंडाऐवजी फायबर-प्लास्टिकसारख्या मालाची टोपी) विचारा, तो स्टीलपेक्षा हलका पडतो.

कंपनीच बूट देत असेल तर हाच कागद स्टोअरमध्ये घेऊन जा, नुसत्या "चावतात" या तक्रारीपेक्षा कागद दाखवला की काम लवकर होतं.

इनसोलला हात लावण्याआधी विचारा

आपल्यापैकी बरेच जण पहिलं काम हे करतात की जाड गादीचा इनसोल काढून सपाट पातळ घालायचा, म्हणजे टाच थोडी खाली येते. पण बुटाची टेस्ट मूळ इनसोलसकट झालेली असते. तुम्ही पेंट शॉपमध्ये, केमिकल किंवा औषधांच्या प्लांटमध्ये असाल तर बूट अँटीस्टॅटिक असतात आणि चुकीचा इनसोल घातला की अंगातला स्टॅटिक चार्ज जमिनीत उतरत नाही, सॉल्व्हंटच्या वाफेत एक ठिणगी पुरते. बूट बनवणाऱ्या कंपनीने चालेल म्हटलेला इनसोल असेल तरच बदला.

लेस

टाच जागेवर राहिली की बोटांना बूट पकडून ठेवावा लागत नाही, हे महत्त्वाचं आहे, कारण दिवसभर बोटं आकसून धरली की संध्याकाळी तळवा दुखतो. पाय आत घातल्यावर टाच जमिनीवर मागे ठोका. चवड्यावरची लेस सैल ठेवा, घोट्याकडे जाताना घट्ट करा. शेवटच्या भोकाला प्रत्येक बाजूची लेस त्याच बाजूला बाहेरून आत घाला, दोन्हीकडे छोटा फास तयार होईल, मग उजवी लेस डाव्या फासातून आणि डावी उजव्या फासातून घेऊन खाली-मागे ओढा आणि गाठ मारा. पायाला मुंग्या आल्या तर जास्त घट्ट झालंय.

बुटात चालणं वेगळं, धावणं वेगळं

काही जण बूट घालूनही चवड्यावर उतरत चालायचा प्रयत्न करतात. नका करू. धावताना अनवाणी माणूस बहुतेक वेळा चवड्यावर किंवा सपाट उतरतो, पण चालताना अनवाणी पायही टाचेवरच आधी टेकतो, त्यात काही चूक नाही. जड बुटात फक्त पावलं लहान टाका, पाय फेकत चालू नका, नाहीतर नडगीच्या पुढचा स्नायू दुखतो. बराच वेळ एका जागी उभं राहायचं असेल तर मधूनमधून टाचा उचला, बुटाच्या आत बोटं पसरायचा प्रयत्न करा, तेवढंही पुरतं.

ओल: इथे सगळ्यात जास्त लक्ष द्या

गोव्यात वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि पाऊस नसेल तेव्हाही दमट हवा. बंद बुटात आठ तास घाम मुरला की तळव्याची कातडी पांढरी, मऊ, सुरकुतलेली होते. अनवाणी धावणाऱ्याचं सगळं भांडवल म्हणजे ती चिवट कोरडी कातडी, आणि तीच मऊ पडली की एरवी काही न करणारा खडासुद्धा फोड आणतो. बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात त्या वेगळ्याच.

मोज्यांचे दोन जोड न्या आणि जेवणाच्या सुट्टीत बदला. बूट काढा, पाय पुसा, बेचक्यांत कोरडा रुमाल फिरवा, पाच-दहा मिनिटं हवा लागू दे, मग नवा जोड. सगळं मिळून पाव तासाचं काम आहे पण याच्याएवढा फरक दुसऱ्या कशाने पडत नाही. सुती मोजे घाम धरून ठेवतात, त्यापेक्षा लोकरमिश्रित किंवा स्पोर्ट्सचे बरे, पण वेल्डिंग-कटिंगच्या जवळ काम असेल तर पूर्ण सिंथेटिक नको, ठिणगी पडली तर ते वितळून कातडीला चिकटतं, तिथे लोकरच चांगली.

घरी आल्यावर बूट दारात तसेच टाकू नका. लेस सैल करून जीभ पुढे ओढा, इनसोल बाहेर काढून वेगळा उभा ठेवा, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, तासा-दोन तासांनी ओले बोळे काढून कोरडे घाला आणि रात्री पंख्यासमोर आडवे ठेवा. चुलीजवळ किंवा गॅसवर सुकवले तर चामडं तडकतं, चिकटवलेलं सुटतं. जुलै-ऑगस्टमध्ये एका रात्रीत बूट वाळत नाही, म्हणून शक्य असेल तर दोन जोड आलटून पालटून वापरा. आणि दुसरा जोड वर्षभर कपाटात कोंडून ठेवू नका, पीयूचा (पॉलियुरेथेनचा) सोल दमट हवेत आपोआप कुजतो, एक दिवस कामावर तुकडे तुकडे होऊन पडतो. घालण्याआधी सोलची कड अंगठ्याने दाबून बघा, चिकट लागली किंवा भेगा दिसल्या तर तो जोड गेला.

चिखल्या झाल्याच तर क्लोट्रिमाझोलचं, म्हणजे बुरशीवरचं, मलम मिळतं, पण खाज थांबली म्हणून लगेच सोडू नका, कातडी बरी दिसल्यावरही आठवडा-दोन आठवडे लावायचं. तोपर्यंत अनवाणी धावणं बंद.

धावायचं कधी आणि किती

सुट्टी झाली, बूट काढले आणि थेट किनाऱ्यावर पळायला गेलात असं नको. दिवसभर टाच उचललेली असल्यामुळे पोटरी आखूड राहून काम करत असते, आणि अनवाणी धावताना तीच पोटरी आणि टाचेमागची शीर पूर्ण ताणली जाते. वरून कातडी मऊ. पहाटे, पोदेराचा (पाववाल्याचा) भोंगा वाजायच्या आधी धावणं सगळ्यात चांगलं. नाईट शिफ्टवाल्यांनी आणि संध्याकाळीच वेळ मिळणाऱ्यांनी बूट काढल्यावर निदान तासभर घरात अनवाणी फिरावं, पाय पूर्ण कोरडे होऊ द्यावेत, मग निघावं.

त्या तासात दोन गोष्टी करा. भिंतीला हात टेकून पोटरी ताणा, एकदा गुडघा सरळ ठेवून आणि एकदा वाकवून, कारण दोन वेगळे स्नायू आहेत. मग जिन्याच्या पायरीच्या कडेवर चवडे ठेवून टाचा हळूहळू खाली सोडा, दहा-पंधरा वेळा. टीव्ही बघताना अंगठा वर आणि बाकीची बोटं खाली, मग उलट, हे पण करत राहा.

नवीन नोकरी किंवा नवीन बूट असतील तर पहिले काही आठवडे धावण्याचं अंतर निम्मं करा. सकाळी उठल्यावर पहिल्या पावलांना टाचेमागे ताठरपणा जाणवला तर त्या दिवशी सुट्टी घ्या, रेटून नेलं की महिने जातात.

जागेचं म्हणाल तर दक्षिणेला वेळसावपासून मोबोरपर्यंत २० किलोमीटरहून जास्त सलग वाळू आहे, ओहोटीच्या वेळी पाण्याजवळची घट्ट ओली पट्टी धरा, कोरड्या वाळूत पोटरी फार लवकर दमते. किनारा एका बाजूला उतरता असतो, एका पायावर जास्त भार येतो, म्हणून जाताना जेवढं धावलात तेवढंच त्याच वाटेने परत या. मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग इथे कासवं अंडी घालतात, त्या हंगामात अंधारात टॉर्च मारत तिकडे जाऊ नका. फुटक्या बाटल्यांसाठी नजर खालीच हवी, विशेषतः शनिवार-रविवारनंतर. सड्यावर (डोंगरावरच्या सपाट कातळावर) चिऱ्याच्या खडबडीत दगडावर धावायला मजा येते पण उजेड झाल्याशिवाय नको, फुरसं, हा विषारी साप, तिथेच असतं.

पावसाळ्यात एक गोष्ट विसरू नका

पायाला चीर किंवा फोड असेल तर साचलेल्या पाण्यातून अनवाणी अजिबात जाऊ नका. उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो, आणि जंतू कातडीच्या जखमेतून आत जातात. या आजारात तापासोबत पोटऱ्या खूप दुखतात, आणि आपण धावणारे माणसं पोटरी दुखली की कालच्या धावण्यावर ढकलून मोकळे होतो. म्हणून ताप आणि पोटरीचं दुखणं एकत्र आलं तर घरी गोळी घेऊन बसू नका, त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जा आणि डॉक्टरांना दोन्ही सांगा, की मी पाण्यातून अनवाणी धावलोय आणि कामावर दिवसभर ओल्या बुटात असतो. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन दहा वर्षं झाली असतील तर तेही तिथेच घेऊन टाका. मधुमेहामुळे तळव्याला बधिरपणा असेल त्यांनी अनवाणी धावू नये, आणि बुटात पाय घालण्याआधी रोज आत हात फिरवून खडा, खिळा काही नाही ना ते बघावं.