या चुका टाळा: कापसाची एकच गाडी तीनदा कशी चढली?

हिंगणघाटकडच्या एका जिनिंगसाठी मी काट्यावरचं वजन सर्व्हरवर पाठवणारा छोटा प्रोग्राम लिहिला होता. पहिल्याच आठवड्यात एका शेतकऱ्याची २२ क्विंटलची गाडी यादीत तीनदा दिसली. काट्यावरचा पोरगा म्हणे, "भाऊ, म्या तर एकदाच बटन दाबलं." खरंच होतं ते.

पोस्ट विनंती, म्हणजे नवी नोंद करायचा निरोप, सर्व्हरवर पोचली, नोंद झाली, पण उत्तर परत येण्याआधी रेंज गेली. उत्तर नाही म्हणजे काम झालं नाही, असं धरून माझ्या प्रोग्रामने तीच नोंद आणखी दोनदा पाठवली. गेट (वाचणे), पुट (दिलेल्या पत्त्यावर नोंद ठेवणे), डिलीट (काढणे) कितीदाही पाठवा, एचटीटीपी म्हणजे सर्व्हरशी बोलायच्या पद्धतीच्या नियमाप्रमाणे परिणाम एकदा पाठवल्यासारखाच हवा. पोस्ट आणि पॅचला (नोंदीचा थोडाच भाग बदलणे) ती हमी नाही. म्हणून पावतीचा क्रमांक पत्त्यात घालून पुट करा. सर्व्हर स्वीकारत असेल, तर पोस्टच्या हेडरमध्ये, म्हणजे विनंतीसोबत जाणाऱ्या माहितीत, आयडेम्पोटन्सी की द्या; ही तीच विनंती आहे हे सर्व्हरला कळवणारी ती खूण. पुन्हा पाठवताना मात्र तीच की हवी. मी आधी दरवेळी नवी बनवत होतो, म्हणजे केलं काय आणि न केलं काय!

पुटने अख्खी नोंद बदलते. नुसतं वजन पाठवलं, तर शेतकऱ्याचं नाव पुसलं जाऊ शकतं. तिथे पॅच वापरा.

आता सर्व्हरच्या उत्तरात येणारे आकडे, ४०१ आणि ४०३. ४०१ म्हणजे तुमची ओळख पटली नाही. ४०३ म्हणजे परवानगी नाही, तिथे पासवर्ड पुन्हा पुन्हा टाकून उपयोग नसतो. पासवर्ड बरोबर असूनही ४०१ येत असेल, तर बेस६४, म्हणजे नाव-पासवर्ड ज्या अक्षरांत बदलून पाठवतात ते, तपासा. ते बनवताना टर्मिनलवरची इको ही आज्ञा शेवटी नवी ओळ जोडते आणि ती पासवर्डातच धरली जाते. तिच्याऐवजी प्रिंटएफ वापरा. बेस६४ म्हणजे कुलूप नव्हे, ते कोणीही उलगडतो. म्हणून एचटीटीपीएस, म्हणजे कुलूपबंद एचटीटीपी, असल्याशिवाय पाठवूच नका.

पत्ता साध्या एचटीटीपीने लिहिला, की सर्व्हर ३०१ (पत्ता बदलला) देऊन एचटीटीपीएसकडे वळवतो आणि वाटेत अनेक प्रोग्राम पोस्टचं गेट करून टाकतात. नोंद होत नाही, वर २०० (सगळं ठीक) दिसतो. यात माझी अख्खी दुपार गेली.

लोडशेडिंगचा घोळ वेगळाच. माझा प्रोग्राम ज्यावर चालतो, त्या रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकात बॅटरीवर चालणारं घड्याळ नाही. लाइट आली तरी इंटरनेट येईपर्यंत त्याची वेळ मागेच असते. टोकन, म्हणजे ठरावीक वेळच चालणारा प्रवेशाचा पास, अजून चालू आहे असं त्याला वाटतं आणि सर्व्हर ४०१ देतो. वेळ जुळल्यावरच विनंती पाठवा, आणि ४०१ आला तर टोकन एकदाच नवं घ्या.

त्या दोन जादा नोंदी काढतानाही रेंज गेलीच. डिलीट पुन्हा पाठवलं तर ४०४ आला, म्हणजे ती नोंद आता तिथे नाही. यादी उघडून पाहिली, २२ क्विंटल एकदाच होते.