मिश्रधातूचा स्पेक्ट्रम वाचायला शिकताना

निकेल-अ‍ॅल्युमिनियमच्या माझ्या पहिल्याच नमुन्यात क्ष-किरण शोषणाच्या स्पेक्ट्रममध्ये निकेलची के-एज (ज्या ऊर्जेला सर्वांत आतला, 1s इलेक्ट्रॉन सुटू लागतो आणि शोषण एकदम वाढतं ती पायरी) शुद्ध निकेलपेक्षा 0.6 इलेक्ट्रॉनव्होल्ट (ऊर्जेचं एकक) सरकलेली दिसली. इलेक्ट्रॉन एका धातूकडून दुसऱ्याकडे गेले, हेच मी पाहतेय असं वाटलं आणि दोन दिवस मी त्याचा अर्थ लावत बसले. मग तुलनेची शुद्ध निकेलची फॉइल (पातळ पत्रा) पुन्हा मोजली, तर तिचीही एज तेवढीच सरकलेली. मोनोक्रोमेटर, म्हणजे क्ष-किरणांची ऊर्जा निवडणारं उपकरण, हलला होता.

निकेलची के-एज 8333 इलेक्ट्रॉनव्होल्टला असते. त्यात 0.6 म्हणजे दहा हजारांत एक भागही नाही. म्हणून शुद्ध धातूची फॉइल नमुन्याच्या मागे, दुसऱ्या आणि तिसऱ्या डिटेक्टरच्या मधे ठेवा (पहिला नमुन्याच्या आधी, दुसरा नंतर, तिसरा फॉइलच्या मागे), म्हणजे प्रत्येक स्कॅनमध्ये दोन्ही एकदमच मोजली जातात. नवीन माणसाला मी आधी एवढंच सांगते.

पुढच्या वेळी असं मोजलं तेव्हा ती सरक उरली नाही. एजनंतरच्या शिखरांचा आकार मात्र खरोखरच बदललेला होता. पण त्याचं मोठं कारण रचना आहे: शुद्ध निकेलमध्ये अणूला निकेलचेच 12 शेजारी असतात, या संयुगात सर्वांत जवळचे 8 शेजारी अ‍ॅल्युमिनियमचे. आकार बदलला की लगेच विद्युतभाराची गोष्ट सांगू नका, आधी त्या रचनेचं गणित करून तुलना करा. शिवाय के-एजला 1s मधला इलेक्ट्रॉन मुख्यतः रिकाम्या p अवस्थांत जातो (s, p, d ही अणूतल्या इलेक्ट्रॉन-कक्षांची नावं). प्रश्न d इलेक्ट्रॉनांचा असेल तर एल-एज (त्यापुढच्या कवचातल्या इलेक्ट्रॉनची एज) मोजायला हवी. निकेलसाठी ती 853 आणि 870 इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास येते, म्हणजे मृदू (कमी ऊर्जेचे) क्ष-किरण आणि निर्वात कक्ष आलेच.

नमुन्यावर वेळ घालवा. पारगमनासाठी (आरपार गेलेले किरण मोजण्यासाठी) निकेलची फॉइल जेमतेम 4-5 मायक्रॉनची लागते. जाड तुकड्यावर फ्लोरेसन्स (नमुन्यातून परत निघणारे क्ष-किरण) घेतलं तर स्व-शोषणामुळे, म्हणजे नमुना स्वतःच किरण शोषत असल्याने, शिखरं चपटी होतात. कानशीने घासून भुकटी केली तर धातूत ताण साठतो, ती निर्वातात तापवून शांत करावी लागते. फोटोइमिशनमध्ये (प्रकाशाने बाहेर फेकलेले इलेक्ट्रॉन मोजताना) तर वरचे काही नॅनोमीटरच दिसतात, म्हणजे अनेकदा ऑक्साइडच. आणि आर्गॉन आयनांच्या माऱ्याने तो खरवडताना पृष्ठभागाची घटकरचनाही बदलू शकते.

एवढी खटपट कशासाठी, तर तांबं-निकेल मिश्रधातूने शिकवलेल्या गोष्टीसाठी. पूर्वी असं मानत की दोन्ही धातू एकच सामाईक d पट्टा (d इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जांचा पट्टा) वाटून घेतात, आणि तांब्याचा एक जादा इलेक्ट्रॉन तो भरत जातो. सुमारे 60 टक्के तांब्याला चुंबकत्व संपतं, त्याच्याशी हे छान जुळतही होतं. 1960च्या दशकाच्या अखेरीस फोटोइमिशनमध्ये वेगळंच दिसलं: निकेलच्या d अवस्था फर्मी पातळीजवळच (भरलेल्या अवस्थांच्या वरच्या सीमेजवळच) राहतात, तांब्याच्या सुमारे 2 इलेक्ट्रॉनव्होल्ट खालून सुरू होतात. मिसळूनही दोघं आपापली ओळख टिकवतात. म्हणून बीमटाइम (क्ष-किरण केंद्रावर मिळालेला वेळ) कितीही कमी असो, मिश्रधातूतल्या दोन्ही मूलद्रव्यांच्या एज मोजल्याशिवाय मी नमुना उतरवत नाही.