मिग विरुद्ध सेबर: पहिल्या जेट विमानांची झुंज टेबलावर कशी खेळावी

कोरियाच्या युद्धातली सोव्हिएत बनावटीचं मिग-१५ आणि अमेरिकन एफ-८६ सेबर यांची झुंज टेबलावर मांडायची म्हटलं की बहुतेक जण दुसऱ्या महायुद्धाच्या विमानखेळांचे नियम उचलतात आणि सगळ्या विमानांचा वेग दुप्पट करतात. हे करू नका. त्यातून त्या युद्धातल्या स्पिटफायर विमानांचाच डाव मिळतो, फक्त मोठ्या पटावर. १९५०च्या डिसेंबरात, कोरिया आणि चीनच्या सरहद्दीवरच्या यालू नदीच्या दक्षिणेला ही दोन विमानं पहिल्यांदा एकमेकांना भिडली, तेव्हापासून युद्ध संपेपर्यंत प्रश्न एकच होता: वर कोण आहे? मिग पंधरा किलोमीटरच्या आसपास जाऊन बसायचं, सेबरला तिथवर पोचता यायचं नाही, आणि लढाई कधी सुरू करायची ते मिगचा पायलट ठरवायचा. टेबलावर हे उतरलं नाही तर बाकीची सजावट वाया गेली समजा.

पट कुठलाही चालतो. मी फ्लेक्स छापणाऱ्याकडून चार बाय सहा फुटांचा निळसर फ्लेक्स करून घेतला, त्यावर चार सेंटिमीटरची षटकोनी घरं. विमानं १/६०० प्रमाणातली घ्या, म्हणजे घरात नीट बसतात. प्रत्येक खेळाडूला दोनच विमानं द्या, एक पुढचं आणि एक त्याची पाठ राखणारं.

मापं अशी धरा. एक घर ३०० मीटर, एक चाल ६ सेकंद, उंचीची एक पायरी ३०० मीटर. वेगाचा अंक म्हणजे चालीला किती घरं पुढे जायचं ते. वेग १ म्हणजे ताशी १८० किलोमीटर, वेग ५ म्हणजे ताशी ९००. मिगची कमाल उंची पायरी ५१, सेबरची ४८.

उंची दाखवायला वर-खाली सरकणारे दांडे विकत मिळतात. फोटोत छान दिसतात. पण टेबलाला कोपर लागलं की तीन विमानं आडवी होतात आणि मग कोण किती उंच होतं यावर पंधरा मिनिटं जातात. प्रत्येक विमानाशेजारी दहा बाजूंचे दोन फासे ठेवा, एक दशकाचा, एक एककाचा. ४ आणि २ दिसले की पायरी ४२, विषय संपला.

आता खरी अडचण, उंची आणि वेग यांची अदलाबदल. गच्चीवरच्या टाकीसारखं आहे हे. मोटर लावून टाकी हळूहळू भरते, नळ सोडला की पाणी धो धो येतं. इंजिन ही मोटर, उंची ही टाकी, वेग हे नळाचं पाणी. इथे फरक एवढाच, की हे पाणी परत टाकीत चढवता येतं. विमान खाली झेपावलं की वेग मिळतो, नाक वर केलं की वेग जाऊन उंची मिळते. इथवर सगळे सांगतात. दर किती हे मात्र कोणी नीट सांगत नाही.

सर्वत्र मिळणारा सल्ला म्हणजे ठरावीक दर: वेगाच्या एका अंकाला तीन पायऱ्या. मी दोन वर्षं याच दराने खेळलो आणि डाव का फसतो ते कळत नव्हतं. सगळी विमानं खुशाल वळत राहायची, कारण वळून वळून दमलेलं विमानसुद्धा शेवटी नाक वर करून निसटायचं. एका रविवारी माझं सेबर वेग ३ वर आलं होतं, मिग त्याच्या डोक्यावर होतं. मी वेग १ वर उतरलो, सहा पायऱ्या चढलो आणि मिगच्या वर जाऊन बसलो. समोरच्या मित्राने हातातला फासा खाली ठेवला आणि विचारलं, "ही उंची आली कुठून?" मला उत्तर देता आलं नाही.

उत्तर शाळेच्या भौतिकशास्त्रात होतं. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गावर ठरते. ताशी ९०० वरून ७२० वर येताना विमान सुमारे ११५० मीटर चढू शकतं. ५४० वरून ३६० वर येताना जेमतेम ६४०. वेग दोन्हीकडे १८०नेच कमी झाला, पण उंची जवळपास निम्मी. म्हणून दर ठरावीक ठेवूच नका. वर दिलेल्या मापांत तो आपोआप सोपा होतो: वेग ज्या अंकावर उतरतो तितक्या पायऱ्या मिळतात. ६ वरून ५ ला पाच, ५ वरून ४ ला चार, ४ वरून ३ ला तीन, ३ वरून २ ला दोन. झेप घेताना हाच हिशेब उलटा.

वळणाचं वेगळं आहे. अदलाबदलीत ऊर्जा तुमच्याकडेच राहते, वळणात ती कायमची जाते. वेग ५ वर एका चालीत ६० अंश वळायचं तर पायलटवर साडेचार जीच्या, म्हणजे त्याच्या वजनाच्या साडेचार पटीच्या आसपास भार येतो, आणि दहा किलोमीटरवरच्या विरळ हवेत इंजिनाला तो पेलवत नाही. पायरी १५च्या वर प्रत्येक ६० अंशाला वेगाचा एक अंक द्या, किंवा त्या वेगाच्या दराने पायऱ्या द्या. पायरी १५च्या खाली चालीतलं पहिलं वळण फुकट. हा नियम सैल करण्याचा आग्रह कोणीतरी धरेलच, "विमानं वळतच नाहीत" म्हणून. ऐकू नका. त्या उंचीवर ती खरोखरच फार वळत नव्हती.

इंजिनाची भर: वरच्या हवेत मिगला दर दुसऱ्या चालीला एक पायरी, सेबरला दर तिसऱ्या. पायरी ३३च्या वर वेग ३च्या खाली गेला की विमान स्टॉल होतं, म्हणजे पंख त्याला उचलून धरेनासे होतात: तीन पायऱ्या खाली आणि पुढच्या चालीत नेम नाही.

शेवटची मर्यादा विसरू नका, दोन्ही विमानांचा स्वभाव तिच्यातच आहे. मॅक ०.९२ला, म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या ०.९२ पटीला, मिगचे एअरब्रेक आपोआप उघडायचे, म्हणून मिगचा वेग कधीच ५च्या वर नाही. सेबर मात्र झेपेत ध्वनीचा वेग ओलांडायचं, त्याला ६ द्या, पण फक्त खाली येताना. समजा सेबर पायरी ३६, वेग ५. मागे वर मिग पायरी ४२, वेग ४. मिग चार पायऱ्या उतरून ३८ला वेग ५ गाठतं आणि तिथे अडतं. सेबर पाच पायऱ्या खाली झेपावून ३१ला वेग ६ घेतं आणि सुटतं. मिगला पळायचं असेल तर ते ३८वरून सात पायऱ्या चढून ४५ला, वेग ३वर. एक खाली पळतो, दुसरा वर. हे पहिल्यांदा टेबलावर घडलं तेव्हा आम्ही डाव थांबवून तीच चाल पुन्हा खेळलो.

चाली चिठ्ठीवर लिहून एकदम उघडा. शत्रूच्या शेपटीमागे दोन घरांत असलेला खेळाडू मात्र त्याची चिठ्ठी पाहून मग लिहितो.

गोळीबार दोन घरांच्या आत. सेबरच्या सहा १२.७ मिलिमीटर मशीनगन, म्हणून सहा फासे. प्रत्येक ६ म्हणजे एक फटका, मिग पाडायला पाच फटके. मिगला तीन फासे: दोन २३ मिलिमीटर तोफांचे, त्यांचा ६ आला की दोन फटके, आणि एक लाल, ३७ मिलिमीटरचा, त्यावर ६ म्हणजे सेबर गेलं. या तोफा बी-२९सारखी बॉम्बर पाडायला बसवलेल्या होत्या. मोठीत गोळे ४०च, म्हणजे सहा सेकंदांचा मारा. मिगला सहा वेळा झाडू द्या, सेबरला पंधरा.

पटाची उत्तरेची कड यालू नदी. तिच्यापलीकडे मिग सुरक्षित, कारण अमेरिकन पायलटना नदी ओलांडायला अधिकृत मनाई होती. सोलजवळच्या किंपो तळावरून येणाऱ्या सेबरकडे तिथे घालवायला वीसेक मिनिटांचं इंधन असायचं, म्हणून सेबरवाल्याने सुरुवातीला गुपचूप दोन फासे टाकून त्यांच्या बेरजेत दहा मिळवावेत. तितक्या चालींनंतर त्याला दक्षिणेकडे वळावंच लागेल.

पायलटची गुणवत्ता दोन्हीकडे बदलती ठेवा. एका सेबरमागे दहा मिग पडल्याचे, म्हणजे दहास एकचे जुने आकडे नंतरच्या तपासणीत टिकलेले नाहीत. १९५१च्या वसंतात सोव्हिएत वैमानिक कोझेदुबच्या ३२४व्या डिव्हिजनचे पायलट मिग घेऊन आले तेव्हा समोर दुसऱ्या महायुद्धात मुरलेली माणसं होती. अमेरिकन पायलट अशांना "हॉन्चो" म्हणायचे. फायदा द्यायचाच तर सेबरला जी-सूटचा, म्हणजे वळणातला भार सोसायला मदत करणाऱ्या पोशाखाचा द्या: डावात एकदा वळणाची किंमत माफ.

पहिला डाव २० मे १९५१चा मांडा. अमेरिकन पायलट जेम्स जबाराच्या सेबरची एक जादा इंधनटाकी पंखाखालून सुटलीच नाही. अशा वेळी परत फिरायचं असा नियम होता. तो तरीही लढाईत गेला, दोन मिग पाडल्याचं त्याच्या नावावर लागलं आणि तो जेटविरुद्धच्या लढाईतला पहिला अमेरिकन एस, म्हणजे किमान पाच विमानं पाडलेला पायलट, ठरला. एका सेबरखाली टाकी ठेवा, त्याच्या प्रत्येक वळणाला दुप्पट किंमत लावा, आणि परत फिरायचं की नाही हे पहिली चिठ्ठी लिहिण्याआधी त्या खेळाडूला ठरवू द्या.